पाडलेल्या बिल्डिंगमधून घंटी

मला एका जागी बसवत नाही. हा दोष लहानपणापासूनचा, आणि धंदा मात्र मी नेमका बसून करायचा निवडला. ऑफिसात माझी खुर्ची ओळखायला काही लिहून ठेवावं लागत नाही. जिची चाकं झिजलीत ती माझी. ऑफिस म्हणजे अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला पहिल्या मजल्यावरचा गाळा. खाली छपाईचा कारखाना आहे, त्यामुळे दिवसभर जमीन बारीक थरथरते, आणि माझा पाय हलताना पाहून नव्या माणसाला वाटतं की मशीनमुळे हलतोय. कारखान्याला सुट्टी असली तरी तो हलतच असतो.

आम्ही लिफ्टसाठी एक छोटी पेटी बनवतो. लिफ्ट मध्येच अडकली आणि आतल्या माणसानं घंटीचं बटण दाबलं, की पेटीतल्या सिमवरून आमच्या सर्व्हरला हाक जाते. मग कंट्रोल रूममधल्या पडद्यावर लाल ओळ उमटते, ऑपरेटर ती वाचतो आणि जवळच्या मेकॅनिकला पिटाळतो. कंट्रोल रूम हा शब्द जरा भारदस्त झाला. प्रत्यक्षात काचेचं पार्टिशन, दोन टेबलं आणि गळका एसी. सर्व्हरवरचा प्रोग्राम सी भाषेतला. ज्यानं तो लिहिला तो केव्हाच परदेशी गेला, आणि ते लेकरू माझ्या पदरात पडलं.

पेटी हाक मारते तेव्हा सर्व्हरच्या हातात पडतो तो नुसता पत्ता. पत्ता म्हणजे काही आकडे, ठरावीक साच्यात भरलेले. यंत्राला तो साचा कळतो, माणसाला त्यातून काही बोध होत नाही. त्यासाठी गेटनेमइन्फो नावाचं एक फंक्शन असतं. त्याच्या हवाली तो पत्ता करायचा, सोबत दोन रिकाम्या जागा द्यायच्या, आणि त्या जागा किती मोठ्या तेही सांगायचं. ते एका जागेत यजमानाचं नाव भरतं आणि दुसरीत सेवेचं. यजमान म्हणजे पत्ता ज्याचा तो, सेवा म्हणजे दार कुठलं. आमच्या सर्व्हरला तीन दारं आहेत. एक घंटीचं, एक लिफ्टचा दरवाजा नीट न लागल्याच्या तक्रारीचं आणि एक रोजच्या हजेरीचं, कारण पेटी दिवसातून एकदा ‘मी जिवंत आहे’ एवढं कळवते. कुठल्या आकड्याचं नाव काय, ते सर्व्हरवरच्या दोन फायलींत आम्हीच भरून ठेवलेलं असतं.

नवीन पोरं इथं हमखास एक चूक करतात. यजमान आणि सेवा दोन्ही हाक मारणाऱ्याच्याच पत्त्यातून काढतात. पण त्याच्याकडचं दार दर वेळी वेगळं असतं, हाताला आलं ते उघडलेलं. त्याला कुणी नाव देत नाही. टकटक आपल्या कुठल्या दारावर झाली ते बघायचं, आणि त्यासाठी आपला स्वतःचा पत्ता त्या फंक्शनला द्यायचा. हे मी इतक्या पोरांना सांगितलंय की आता सांगायला लागले की मलाच माझा कंटाळा येतो.

हे फंक्शन मला आवडतं, पण त्याच्या भरवशावर मी राहणार नाही. नाव सापडलं नाही तर ते निमूटपणे आकडेच परत देतं, हा त्याचा गुण. पण फायलीत नाव असलं की बिनधास्त ठोकून देतं. ते नाव कधी लिहिलं, आजही खरं आहे का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ज्यांना घटस्फोटाची बातमी पोचलेली नसते अशा एक काकू प्रत्येक लग्नात असतात आणि भर मंडपात ‘जावईबापू दिसले नाहीत कुठे?’ म्हणून विचारतात, तसलं ते फंक्शन आहे.

म्हणून माझं म्हणणं होतं की पडद्यावर नावाशेजारी आकडेही दाखवावेत. अवघड काही नाही. त्याच फंक्शनला एक फ्लॅग लावला की ते नावाच्या भानगडीत पडत नाही, सरळ आकडे देतं. दोनदा विचारायचं, दोन्ही छापायचं. आमच्या साहेबांना ते पटलं नाही. “मॅडम, क्लायंट ऑफिस बघायला येतो तेव्हा त्याला स्वतःच्या बिल्डिंगचं नाव दिसलं पाहिजे. आकडे बघून माणूस बिचकतो,” ते म्हणाले. मी दोन-तीनदा वाद घातला, एकदा तर आवाज चढवून घातला. मग सोडून दिलं. पडद्यावर नावं राहिली.

आता बिल्डिंगविषयी सांगायला हवं. आमची बिल्डिंग घाटकोपरची. चार मजली, मूळची बिनलिफ्टची. घराघरांतली माणसं म्हातारी होत गेली तशी सोसायटीनं बाहेरच्या अंगाला लोखंडी सांगाडा उभारून एक लिफ्ट चिकटवली. आमच्या कंपनीची पेटी तिच्यात माझ्याच शब्दावर बसली. मग सगळीकडे होतं ते आमच्याकडेही झालं, रिडेव्हलपमेंट. मीटिंगा झाल्या, खुर्च्या आपटून झाल्या, सख्खे शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले आणि पुन्हा बोलायला लागले. शेवटी बिल्डरनं सगळ्यांना विक्रोळीला स्वतःच्याच एका जुन्या इमारतीत तात्पुरतं हलवलं. तिला सगळे ट्रान्झिट म्हणतात.

माझी आई ट्रान्झिटमध्ये सहाव्या मजल्यावर राहते. बाबा गेल्यापासून एकटीच. मी मुलुंडला असते, फार लांब नाही. माझ्याकडे राहायला ये म्हटलं की तिचं मालवणीत एकच उत्तर असतं, “लेकीकडे जेवूक येतलंय, रवाक नाय.” खरी गोष्ट अशी की जुन्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका आता ट्रान्झिटमध्ये आहेत आणि त्यांच्याशिवाय तिला करमत नाही. तिचे गुडघे गेलेत. घाटकोपरला दुसरा मजला होता म्हणून ती जिन्याचा कठडा धरून चढायची. ट्रान्झिटमध्ये लिफ्टशिवाय इलाज नाही.

बिल्डिंग पाडताना मी मुद्दाम बघायला गेले होते. मशीननं बाहेरची भिंत ओढून काढली आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या पिवळ्या टाइल्स रस्त्यावरून दिसायला लागल्या. भाजीवाले, रिक्षावाले, सगळे आमचं स्वयंपाकघर बघत होते. मला संताप आला. कुणाचा ते आजही सांगता येणार नाही. मी पुरतं न बघताच निघून आले.

हे सगळं होऊन बरेच महिने झाले होते. एके दिवशी दुपारी, जेवणं उरकून डबे धुवायला गेले होते तेवढ्यात, आमचा ऑपरेटर काचेचं दार ढकलून हसत बाहेर आला. तो माझ्याहून वयानं मोठा. कामाला चोख, स्वभावानं थंड. आभाळ कोसळलं तरी हातातला कप संपवून मग वर बघेल असा.

“मॅडम, तुमच्या बिल्डिंगचं भूत उठलंय,” तो म्हणाला.

मी ओल्या हातांनी आत गेले. पडद्यावर लाल ओळ होती. आमच्या बिल्डिंगचं नाव आणि पुढे सेवा, घंटी.

“मघाशी पण एक आली होती,” तो म्हणाला. “मी नियमाप्रमाणे सेक्रेटरीला फोन केला. ते आता बोरिवलीला मुलाकडे असतात. म्हणाले, अहो, तिथं बिल्डिंग कुठाय, खड्डा आहे. खड्ड्याला कधी लिफ्ट असते का? मग मी खोटी म्हणून बंद केली. आता ही दुसरी.”

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. कुणीतरी म्हणालं की जुना मालक असेल, ताबा मागत असेल. मीही हसले. डोळ्यांसमोर खड्डा आला, त्यात साचलेलं हिरवं पाणी आलं.

“हिला पण बंद करतो,” ऑपरेटर म्हणाला.

“करा,” असं मी म्हणणारच होते, पण तोंडातून ते निघेना. म्हटलं, “थांबा जरा. मला बघू दे.”

मी माझ्या जागेवर आले आणि बसले नाही. उभ्यानंच कीबोर्ड ओढला. नावावर विश्वास ठेवायचं मला कारण नव्हतं. ते आमच्याच फायलीत पडून राहिलेलं जुनं नाव होतं, कुणी पुसलं नव्हतं एवढंच. पण सर्व्हरला हाक आली होती हे खरं होतं. खड्डा हाक मारत नाही. पलीकडे एक पेटी असल्याशिवाय, तिच्यात सिम असल्याशिवाय, आणि कुणाचं तरी बोट बटणावर पडल्याशिवाय ती ओळ पडद्यावर येऊच शकत नव्हती.

मी फ्लॅग लावून तोच पत्ता आकड्यांत वाचला. आकडे आमच्या जुन्या पेटीचेच होते. मग त्या पेटीच्या रोजच्या हजेऱ्या काढल्या. बिल्डिंग रिकामी झाली तेव्हा त्या थांबल्या होत्या. मध्ये काही दिवस काहीच नाही. आणि पुढे एका सकाळपासून परत सुरू, रोज, न चुकता, थेट आजच्या सकाळपर्यंत. आमच्या पाडलेल्या बिल्डिंगमधली लिफ्ट महिनोन्महिने आमच्याकडे हजेरी लावत होती आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. जे सुरळीत येतं ते कोण वाचतं?

म्हणजे कुणीतरी ती पेटी काढून दुसरीकडे बसवली होती. कुठेतरी एक लिफ्ट मध्येच थांबली होती, तिच्यात माणूस होता, त्यानं दोनदा बटण दाबलं होतं, आणि आम्ही एकदा ते बंद करून हसलो होतो. मी काचेपलीकडे बघितलं तर ऑपरेटर उभा होता. त्याच्या मागे तिसरी लाल ओळ आली होती.

“खरी आहे,” मी म्हटलं. “कुठली ते माहीत नाही, पण खरी आहे.”

तो हसायचा थांबला. कप त्यानं टेबलावर ठेवला, अर्धा भरलेला. त्याला मी तसं करताना आजवर पाहिलं नव्हतं.

त्या जुन्या मॉडेलमध्ये बोलायची सोय नव्हती. नुसती घंटी. आतल्या माणसाला ‘येतोय’ एवढंही सांगता येणार नव्हतं. ऑपरेटरनं सिमच्या कंपनीला फोन लावला, की हे सिम आत्ता कुठल्या टॉवरखाली आहे ते सांगा. तिथल्या बाईंनी गोड आवाजात ईमेल करायला सांगितलं आणि फोनवर बासरी लावून दिली. मी घाटकोपरच्या बाजूला काम करणाऱ्या आमच्या मेकॅनिकला फोन लावला. कव्हरेजच्या बाहेर. तो त्या दिवशी सांताक्रूझला होता, बहुतेक कुठल्या तरी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला. तिथं रेंज कसली असणार.

मी गाळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले आणि परत परत फोन लावत राहिले. मनात नको ते यायला लागलं. दम्याचा पेशंट असेल तर. शाळेतून आलेलं पोर असेल तर. पोटुशी बाई असेल. मला माझ्या डोक्याचा राग आला, साहेबांचा आला, त्या काकूसारख्या फंक्शनचा आला. साहेब केबिनमधून बाहेर येऊन म्हणाले, “मॅडम, जरा बसा, पॅनिक होऊ नका.” मी म्हटलं, “मी बसले तर लिफ्ट सुटणार आहे का?” ते परत केबिनमध्ये गेले.

शेवटी मेकॅनिकचाच फोन आला.

“बोला मॅडम. बारा मिस्ड कॉल?”

“आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगची पेटी कुठाय?”

“ती बिल्डिंग तर पाडली ना.”

“बिल्डिंग पाडली रे. पेटी कुठाय?”

तो जरा घुटमळला. “मॅडम, ती पेटी एकदम झकास होती. भंगारात गेली असती. बिल्डरचा सुपरवायझर बोलला, आपल्या दुसऱ्या बिल्डिंगची पेटी जळलीय, हीच टाक. मग टाकली. नारळपण फोडला.”

“आणि ऑफिसात कळवायचं कुणी?”

“हिरवा लाइट आला ना, चालू झाली. बोललो, कागद सवडीनं देऊ. मग गणपतीला गावी गेलो, राहूनच गेलं ते.”

“कुठे टाकलीस?”

“तिकडेच, विक्रोळीला. ट्रान्झिटला.”

तो ‘हॅलो, हॅलो’ करत राहिला. त्याच्यावर ओरडावं असं वाटलं, पण तेवढा वेळ नव्हता. वर तो काही वेगळं वागलाही नव्हता. चालू असलेली वस्तू फेकवत नाही, आणि चालू झाली की तिच्याविषयी बोलायचं काही उरत नाही, अशीच आम्हा सगळ्यांची रीत. माझ्या घरी जुन्या मिक्सरचं भांडं नव्या मिक्सरवर चालतं. मी कुणाला कळवलंय?

ट्रान्झिटमध्ये ओळखीचीच माणसं होती. ज्यांच्या घरी मी लहानपणी वाटी घेऊन साखर मागायला जायचे तीच. त्यांच्यातलं कुणीतरी. आणि हे मनात येतं न येतं तोच दुसरं आलं, की दुपारी या वेळी गिरणी रिकामी असते म्हणून आई दळण आणायला खाली उतरते.

आईला फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. तिचा मोबाइल फ्रिजवर असतो, चार्जिंगला लावलेला. मोबाइल बाहेर न्यायची वस्तू आहे हे तिला मान्य नाही. परत लावला. परत वाजला. ऑपरेटर तोवर कांजूरमार्गच्या मेकॅनिकला ट्रान्झिटचा पत्ता सांगत होता. मी पर्स उचलली आणि जिना उतरले.

खाली मिळेल ती रिक्षा पकडली आणि तिच्यातून आईच्या शेजारच्या काकूंना फोन लावला. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्येही त्या शेजारीच होत्या.

“लाइट गेली होती गं मघाशी,” काकू म्हणाल्या. “आता आलीये. लिफ्ट मात्र बंदच दिसतेय.”

“काकू, आत कुणी आहे का?”

“छे गं. कोण असणार? कोणी ओरडत नाही की काही नाही.”

“आई घरात आहे का बघा ना.”

चपला सरकवल्याचा आवाज आला, मग बेल, मग परत बेल. “दार बंद आहे गं. आतून काही चाहूल नाही.”

“तर मग एकेका मजल्यावर लिफ्टच्या दारावर ठोका. फोन चालूच ठेवा.”

लिंक रोडवर गाड्या हलत नव्हत्या. रिक्षा इंचाइंचानं पुढे जायची आणि थांबायची. कानाला काकूंचा श्वास, जिन्यावरची त्यांची पावलं, आणि मधूनच त्यांनी कुणाला तरी ‘अरे, लिफ्टची किल्ली कुणाकडे असते?’ म्हणून विचारलेलं. मी रिक्षावाल्याला म्हटलं, “भैया, दुसऱ्या लेनमध्ये घ्या.” त्यानं घेतली. ती लेन आधीच्याहून हळू निघाली. मी परत पहिलीत घ्यायला सांगितलं. त्यानं आरशातून माझ्याकडे नुसतं बघितलं. मग मी उतरून पैसे दिले आणि सिग्नलपर्यंत अक्षरशः धावत गेले. पुढे मोकळ्या वाटेला लागलेली दुसरी रिक्षा मिळाली. तेवढ्यानं किती वेळ वाचला देव जाणे. बसून राहिले असते तर माझं काही खरं नव्हतं.

कानाशी ठोकल्याचा आवाज आला, पत्र्यावर. काकू म्हणाल्या, “कोण आहे का गं आत?”

आणि आतून, लांबून, पण अगदी स्वच्छ, माझ्या आईचा आवाज आला. “मी आसंय.”

मला रडू फुटलं. रिक्षावाल्यानं काही विचारलं नाही, फक्त वेग वाढवला. मी काकूंना ओरडून सांगितलं की कुणीही सळई घालून दार उचकटू नका, माणूस येतोय. काकू म्हणाल्या, “हो गं बाई, ओरडू नकोस, तुझी आई तुझ्यापेक्षा शांत आहे.”

मी पोचले तेव्हा कांजूरमार्गचा मेकॅनिक माझ्याआधी पोचला होता. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली होती; त्यानं ती हातानं खाली घेतली आणि दार उघडलं. तिसऱ्या मजल्यावर सगळी जुनी बिल्डिंग जमली होती. आई कुणाच्या तरी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाणी पीत होती. शेजारी पिठाचा स्टीलचा डबा. तिच्या साडीला मागून पिठाचा मोठा गोल उमटला होता.

“ओरडली का नाहीस?” मी सगळ्यांसमोर म्हटलं. घाबरले की माझा आवाज चढतो, तो तेव्हाही चढला. “हाका मारायच्या ना. माणसं होती की बाहेर.”

“कित्याक?” आई म्हणाली. “सगळ्या बिल्डिंगीत बोभाटो. बटण दाबलंय मां. तूच सांगितलंस मां तेवा, ह्या दाबला काय तुझ्या हापिसात कळता. मगे डब्यार बसलंय गप.”

“आणि कुणी आलं नाही तेव्हा?”

“मगे म्हटलंय, च्याय पिऊक गेलंस काय. म्हणान परत दाबलंय.”

बायका हसल्या. काकू म्हणाल्या, “काही म्हण हां, लेकीला बरोबर कळलं. अंधेरीहून आली बघ धावत.” कुणीतरी म्हणालं, तिच्या कॉम्प्युटरवर सगळं दिसतं. आईनं यावर मान डोलावली, जणू हे सगळ्यांना आधीच माहीत असायला हवं होतं. मला तिथं उभं राहवेना. मी डबा उचलला आणि सहाव्या मजल्यापर्यंत जिन्यानं चढून गेले. आई मेकॅनिकबरोबर लिफ्टनं आली. भ्यायली कशी नाही, तेच मला कळेना.

पुढचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी फायलीतलं नाव बदललं. पडद्यावर नावाशेजारी आकडे आले, आणि शेवटची हजेरी कधी आणि नाव कधी लिहिलं तेही. साहेब मागे येऊन उभे राहिले, त्यांनी ते सगळं वाचलं आणि जेवायला गेले. ऑपरेटर आता एकही ओळ बंद करण्याआधी मला हाक मारतो. त्या दिवसाविषयी आम्ही दोघं बोललो नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं अजून बाकी आहे. आईनं चहा टाकला. मी तिच्या त्या उसन्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते, बस म्हणाली तरी बसले नाही. ती आलं किसत होती, माझ्याकडे पाठ होती. तिच्या साडीवरचं पीठ मी झटकून दिलं. हाताखाली तिची पाठ थरथरत होती, बारीक, न थांबता. इतका वेळ मला ते दिसलंच नव्हतं.

“पयल्यांदा दाबलंय, तेवाच तुका कळला ना गे?” तिनं मागे न बघता विचारलं.

“हो,” मी म्हटलं. “लगेच.”

“मगे इतको उशीर कित्याक झालो?”

“ट्रॅफिक,” मी म्हटलं.